उंदराचं औषध विकताना बिलावर विषाचं नाव लिहा: सीमाभागातल्या दुकानदारांना खुलं पत्र

प्रति,
बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, कागवाड आणि अथणी भागातले कृषी सेवा केंद्रचालक, किराणा दुकानदार, आठवडी बाजारात उंदराचं औषध मांडणारे विक्रेते आणि औषध दुकानदार यांस,

सप्रेम नमस्कार.

भातकापणी आटोपून पोती घरात आली, उसाचे फड मोकळे व्हायला लागले की शेतातला उंदीर गावाकडे सरकतो. येळ्ळूर-बेळगुंदीच्या माळ्यांवर, खानापूरकडच्या कणग्यांत, निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत, रविवार पेठेतल्या गोदामांत, कुठंही तो वाट काढतो. मग गिऱ्हाईक तुमच्याकडे येतं आणि म्हणतं, "उंदराचं औषध द्या." तुम्ही विचारता, "वडी देऊ का पुडी?" त्यावर "लगेच मरणारं द्या" किंवा "घरात वास सुटायला नको, बाहेर जाऊन मरणारं द्या" असं उत्तर येतं. दोन मिनिटांत व्यवहार संपतो. पुडी खिशात जाते. बिल तो मागत नाही आणि तुम्हीही देत नाही.

आठवड्याभरात त्याच घरातलं पमेरियन किंवा पग धापा टाकत दवाखान्यात आलं, तर डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, कुठलं औषध घातलं होतं? उत्तर मिळतं, "उंदराचं." वेष्टन तोवर चुलीत गेलेलं असतं. फार तर "निळं होतं" एवढं आठवतं.

आमचं मागणं एकच आहे. उंदराचं औषध विकताना त्यातल्या विषाचं नाव आणि टक्केवारी बिलावर लिहून द्या. ब्रँडचं नाव असेल तर असो, पण तेवढ्यानं काम भागत नाही. "ब्रोमाडिओलोन ०.००५ टक्के" किंवा "झिंक फॉस्फाइड ८० टक्के" असा एक शब्द आणि एक आकडा हवा. लेबलवर इंग्रजीत छापलंय तसंच उतरवलंत तर सगळ्यात बरं. अथणी-कागवाडची माणसं कुत्रं घेऊन मिरजेला धावतात, निपाणीची कोल्हापूरला. तिथल्या डॉक्टरांना कन्नड बिल वाचता येईलच असं नाही. विषाचं नाव मात्र दोन्हीकडे एकच आहे.

एवढ्याशा नावावर एवढं काय अडतं, ते सांगतो.

"उंदराचं औषध" या नावाखाली निदान चार विषं विकली जातात आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. मेणाची किंवा भरड्याची रंगीत वडी म्हणजे बहुधा ब्रोमाडिओलोन. काळपट करडी, लसणासारख्या उग्र वासाची पावडर म्हणजे झिंक फॉस्फाइड. ट्यूबमधला लगदा असेल तर पुष्कळदा पिवळा फॉस्फरस. धान्याच्या कोठारात ठेवायची गोळी म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड. या चारांत फक्त पहिल्याला उतारा आहे. पहिलं खाल्लेलं कुत्रं तीन-चार दिवस ठणठणीत दिसतं, दुसरं खाल्लेल्याला कधी कधी पंधरा मिनिटांत त्रास सुरू होतो. पहिल्यात पोटात भाकरी असली तरी बिघडत नाही, दुसऱ्यात भाकरीचा तुकडा घात करतो. एका विषावर जे करायचं तेच दुसऱ्यावर करायचं नाही, अशी ही गत आहे. आणि रंगावर विसंबू नका. रंग कंपनी ठरवते.

ब्रोमाडिओलोनबद्दल जरा सविस्तर, कारण सगळ्यात जास्त फसगत इथं होते.

रक्त गोठवणारे काही घटक (दुसरा, सातवा, नववा आणि दहावा) यकृतात तयार होतात आणि त्यांना के जीवनसत्त्व लागतं. शरीर हे जीवनसत्त्व एकदा वापरून टाकून देत नाही, परत परत ताजं करून कामाला लावतं. ब्रोमाडिओलोन नेमकं हे ताजं करण्याचं काम बंद पाडतं. रक्तात आधीचे तयार घटक शिल्लक असतात, म्हणून त्या दिवशी काहीच कळत नाही. सातवा घटक सगळ्यांत आधी संपतो. छत्तीस ते बहात्तर तासांत रक्त उशिरा गोठतंय हे तपासणीत दिसायला लागतं आणि साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसांत रक्तस्राव सुरू होतो. तोवर घरात कुणाला वडीची आठवणही नसते.

लोक नाकातोंडातून रक्त येण्याची वाट बघतात. पुष्कळदा ते येतच नाही. रक्त आत झिरपतं. फुप्फुसांभोवतीच्या पोकळीत, खुद्द फुप्फुसात, दोन फुप्फुसांमधल्या जागेत, तर कधी श्वासनलिकेच्या वरच्या मऊ पडद्यात. बाहेरून दिसतं ते एवढंच, की कुत्रं मलूल आहे, जिना चढत नाही, मधूनच खोकतं आणि निजलेलं असतानाही पोट भात्यासारखं हलतंय. पाच किलोच्या कुत्र्याच्या अंगात रक्त असतं जेमतेम ४०० ते ४५० मिलिलिटर. त्यातलं सव्वाशे मिलिलिटर छातीत उतरलं तर मार दोन्हीकडून बसतो. अंगात रक्त उरत नाही आणि फुप्फुसाला फुगायला जागा राहत नाही. तीस किलोचं लॅब्रॅडॉर एवढं रक्त पचवून जातं.

शिवाय छोट्या कुत्र्याला धाप लागली की इतर कारणं आधी डोळ्यांपुढं येतात. पमेरियनमध्ये श्वासनलिका चपटी होणं, वय झालेल्या कुत्र्यात हृदयाची झडप, पगसारख्या नकट्या जातीत उकाडा. ही कारणं खोटी नाहीत, नेहमी दिसणारीच आहेत. अडचण अशी, की श्वासनलिकेच्या पडद्यात रक्त साकळलं तर एक्स-रेत नळी चपटीच दिसते आणि जुनाच आजार समजून खोकल्याचं औषध सुरू होतं. अंग गरम लागतंय म्हणून मेलोक्सिकॅमसारखं वेदनाशामक दिलं, किंवा मानेच्या मोठ्या शिरेतून रक्त काढलं, तर न गोठणाऱ्या रक्ताला आणखी एक वाट मिळते. अशा कुत्र्याचं रक्त पायाच्या शिरेतून, बारीक सुईनं काढायचं आणि जागा पाच-दहा मिनिटं दाबून धरायची. पण हे करायचं तर शंका आधी यायला हवी, आणि ती येण्याची सगळ्यात स्वस्त सोय म्हणजे तुमच्या बिलावरचा तो शब्द.

आता टक्केवारी का लिहायची, ते बघा. तयार वडीत ब्रोमाडिओलोन ०.००५ टक्के असतं. कालवायच्या पावडरीत ०.२५ टक्के, म्हणजे पन्नास पट. ९६ भाग भरड धान्य, २ भाग खाद्यतेल आणि २ भाग पावडर असं कालवलं की वडीच्याच ताकदीचं आमिष तयार होतं. हिशेब मांडा: १० ग्रॅमच्या पुडीत अर्धा किलो आमिषाचं विष आहे. शेतकरी मोजून कालवेलही. घरगुती गिऱ्हाईक कालवत बसत नाही. ते पुडी फाडून भज्यावर, टोमॅटोच्या फोडीवर, गुळाच्या खड्यावर भुरभुरतं आणि फ्रिजमागं सरकवतं. म्हणून ०.२५ टक्क्यांची पुडी घरात वापरायला मागणाऱ्याला देऊ नका, वडी द्या.

"एवढ्याशा वडीनं कुत्र्याला काही होत नाही" असं म्हणायचा मोहही आवरा. पुस्तकातली मारक मात्रा मोठी दिसते हे खरं, पण तो आकडा निम्मी कुत्री दगावण्याचा असतो. रक्तस्राव व्हायला त्याहून बरंच कमी पुरतं. त्यात हे विष यकृतात आठवडेच्या आठवडे टिकतं, त्यामुळे रोज कोपऱ्यातला थोडा थोडा तुकडा चाटणाऱ्या कुत्र्यात ते साठत जातं. १९४८ पासून उंदरांसाठी वापरलेल्या वॉरफरिनला उंदीर दाद देईनासे झाले म्हणून ही टिकाऊ दुसरी पिढी आली. उंदरासाठी जो गुण, तोच कुत्र्यासाठी काळ.

उतारा आहे, तो म्हणजे के१ जीवनसत्त्व. औषध दुकानदार मंडळींनो, हा परिच्छेद तुमच्यासाठी. के१ म्हणजे फायटोमेनाडिओन. के३, म्हणजे मेनाडिओन, इथं चालत नाही. "के आहे ना, मग झालं" म्हणून के३ हातात दिलंत तर घरचे लोक निर्धास्त होतात आणि कुत्रं आत रक्तस्रावानं जातं. मात्रा साधारणपणे दिवसाला किलोमागे २.५ ते ५ मिलिग्रॅम, आणि ब्रोमाडिओलोनसाठी तीन ते चार आठवडे. पाच किलोच्या कुत्र्याला रोज १२.५ ते २५ मिलिग्रॅम लागतात. तुमच्याकडच्या खोक्यात नवजात बाळांसाठीच्या १ मिलिग्रॅमच्या कुप्या असतील तर एका दिवसालाच तेरा ते पंचवीस फोडाव्या लागतील. १० मिलिग्रॅमच्या असतील तर दोन-तीन पुरतात. तेव्हा चिठ्ठीवर नुसतं "के१" दिसलं तर आधी कुपीची ताकद विचारा, आणि महिनाभराचा साठा लागणार हे गृहीत धरून मागवा. गोळ्या मिळाल्या तर उत्तम. नाही तर पशुवैद्यक इंजेक्शनचंच औषध तोंडावाटे, थोड्या तुपातल्या किंवा अंड्यातल्या घासाबरोबर द्यायला सांगतात, कारण हे जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थासोबत नीट शोषलं जातं. शिरेतून द्यायला मात्र कुणी सांगू नये, त्यानं कुत्र्याला एकाएकी जबर ॲलर्जी येऊन जीव जाऊ शकतो.

चार दिवसांत कुत्रं खेळायला लागलं म्हणून घरचे औषध बंद करतात. विष यकृतात अजून बसलेलं असतं, आठवड्याभरात धाप परत येते आणि या वेळी ती आवरत नाही. कोर्स संपल्यावर शेवटच्या डोसनंतर ४८ ते ७२ तासांनी रक्त गोठण्याची वेळ तपासायची, ती ठीक आली तरच थांबायचं. औषध घ्यायला आलेल्या माणसाला हे वाक्य तुम्हीही ऐकवू शकता.

के१ लगेच काम करत नाही हेही लक्षात असू द्या. नवे घटक तयार व्हायला सहा ते बारा तास लागतात. छातीत रक्त साचून धाप लागलेल्या कुत्र्याजवळ तेवढा वेळ नसतो. त्याला ऑक्सिजन आणि दुसऱ्या निरोगी कुत्र्याचं ताजं रक्त किंवा प्लाझ्मा लागतो. पहिल्यांदा रक्त घेणाऱ्या कुत्र्याला सहसा मोठी प्रतिक्रिया येत नाही, त्यामुळे घरातलं किंवा शेजारचं मोठं, लसीकरण झालेलं, गोचीड-तापाचा इतिहास नसलेलं कुत्रं सोबत घेऊन निघालं तर ते जीव वाचवू शकतं. छातीतलं रक्त पशुवैद्यक सगळं काढत नाहीत. श्वास मोकळा होईल एवढंच काढतात, उरलेलं शरीर परत शोषून घेतं. "पाणी सगळं काढून टाका" म्हणून त्यांच्यामागं लागू नये.

तपासणीला मोठं यंत्र लागत नाही. तालुक्याच्या गावी माणसांच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये पीटी, म्हणजे रक्त गोठायला किती सेकंद लागतात ते मोजणारी तपासणी होते. निळ्या टोपणाच्या नळीत खुणेपर्यंत, म्हणजे ०.३ मिलिलिटर सायट्रेटला (नळीतलं रक्त गोठू न देणारं द्रव्य) २.७ मिलिलिटर रक्त, असं अचूक भरायचं. कमी भरलं तर निकाल खोटाच लांबतो. कुत्र्याची पीटी माणसापेक्षा मुळातच कमी सेकंदांची असते, म्हणून माणसाच्या आकड्याशी न ताडता सोबत एका निरोगी कुत्र्याचं रक्त देऊन तुलना करायला सांगावं. लॅब बंद असेल तर सर्पदंशात वापरतात तीच युक्ती आहे: कोरड्या, स्वच्छ, साध्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घालून वीस मिनिटं न हलवता ठेवायचं, मग नळी आडवी करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर काही तरी गंभीर आहे हे नक्की. काय, ते एवढ्यानं ठरत नाही. आपल्याकडं घोणस चावली तरी रक्त असंच गोठत नाही, मात्र तिथं चावल्या जागी सूज आणि वेदना असते.

कुत्र्यानं वडी खाताना पाहिलंय पण अजून लक्षण काहीच नाही, अशा वेळी चार तासांच्या आत पशुवैद्यकाकडे नेलं तर उलटी करवून आणि औषधी कोळसा देऊन बरंच विष बाहेर काढता येतं. नंतर ४८ आणि ७२ तासांनी पीटी करायची. दोन्ही ठीक आल्या तर के१ची गरज नाही. पण मधल्या काळात "सुरक्षिततेसाठी" एखादा डोस दिला असेल तर या चाचण्या फसव्या ठीक येतात.

आता करडी पावडर, झिंक फॉस्फाइड. इथं रक्ताचा संबंध नाही, वायूचा आहे. पोटातल्या आम्लाशी आणि ओलाव्याशी गाठ पडली की तिच्यातून फॉस्फिन सुटतो. तो रक्तातून सगळीकडे जातो आणि फुप्फुसांत पाणी भरतं. उलट्या, पोटफुगी, कण्हणं, लडखडणं, झटके आणि धाप हा क्रम बहुधा १५ मिनिटांपासून चार तासांत सुरू होतो, क्वचित अठरा तासही लागतात. कुत्र्याची मारक मात्रा किलोमागे २० ते ४० मिलिग्रॅम. पाच किलोच्या कुत्र्याला १०० ते २०० मिलिग्रॅम झालं. शेतासाठी ९६ भाग धान्य, २ भाग तेल, २ भाग ८० टक्के पावडर असं आमिष कालवतात, त्याच्या एका ग्रॅममध्ये साधारण १६ मिलिग्रॅम विष येतं. म्हणजे सहा ते बारा ग्रॅम आमिष पुरतं, एक-दोन चमचे. आणि ते शेंगतेलात भिजलेलं, भाजक्या कण्यांचं असतं, कुत्र्याला आवडणारच. घरात कोरडी पावडर पिठाच्या गोळीत भरून ठेवली तर एक-दोन गोळ्यांत खेळ संपतो.

पावडर पोटात गेलेल्या कुत्र्याला काही खायला घालायचं नाही. दूध नाही, भाकरी नाही, ताक नाही. अन्न पोचलं की जठर आणखी आम्ल सोडतं आणि वायू जास्त सुटतो. घरच्या घरी उलटी करवायचा प्रयत्न नको, मीठ-पाणी तर मुळीच नको. मिठानं छोट्या कुत्र्याच्या रक्तातलं सोडियम वाढून नवंच संकट उभं राहतं, शिवाय धाप लागलेल्या कुत्र्याची उलटी फुप्फुसात उतरते. डॉक्टर उलटी करवणार असतील तर आधी आम्लशामक देऊन आणि उघड्यावर करवतात. त्या उलटीतूनही फॉस्फिन येतो, लसणाचा किंवा कुजक्या माशांचा वास आला की तो तुमच्याही श्वासात गेलाय असं समजा. म्हणून मोटारीत नेताना काचा खाली, उलटीवर तोंड आणायचं नाही आणि चादर बंद पिशवीत न कोंबता बाहेरच टाकायची. फोन करताना "झिंक फॉस्फाइड आहे" असं आधी सांगितलं तर दवाखान्यातली माणसंही खिडक्या उघडून तयार राहतात.

पिवळ्या फॉस्फरसचं थोडक्यात: तो यकृत खलास करतो आणि तूप, तेल, दूध पाजलं तर उलट जास्त शोषला जातो. ॲल्युमिनियम फॉस्फाइडची ५६ टक्क्यांची तीन ग्रॅमची गोळी ही झिंक फॉस्फाइडसारखाच वायू सोडते, पण कितीतरी वेगानं. सरकारी खाती, सरकारी संस्था आणि परवानाधारक कीडनियंत्रकांशिवाय कुणाला ती विकायची परवानगी नाही. गिऱ्हाईक ओळखीचं असलं तरी नाही.

आणि एक विष उंदराचं नसताना उंदरावर घातलं जातं: फोरेट, लोक ज्याला थायमेट म्हणतात, किंवा दुसरं एखादं दाणेदार कीटकनाशक. फोरेटवर देशात ३१ डिसेंबर २०२० पासून पूर्ण बंदी आहे, तरी जुना साठा परड्यातल्या पत्र्याखाली निघतो. यात कुत्र्याच्या तोंडातून लाळेच्या तारा, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या, हगवण आणि छातीत खळखळ अशी धाप असते. इथं ॲट्रोपिन लागतं, के१चा काही उपयोग नाही. लाळ गळतेय का आणि बाहुल्या कशा आहेत, एवढं घरच्यांनी फोनवर सांगितलं तरी डॉक्टरांची अर्धी दिशा ठरते.

आमिष कुठं ठेवायचं हे गिऱ्हाईक तुम्हालाच विचारतं, म्हणून सांगतो. वडी जमिनीवर उघडी ठेवायची नाही. उंदीर ती ओढत नेतो आणि अर्धी खाऊन भलतीकडेच टाकतो, सकाळी ती कुत्र्याला सापडते. अडीच ते तीन इंच व्यासाचा पीव्हीसी पाइप, दीड फूट लांब, भिंतीलगत तारेनं बांधायचा. वडी बरोबर मधोमध, पाइपाला भोक पाडून आतून तारेनं ओवायची. पमेरियनचं तोंड टोकापर्यंत गेलं तरी मध्यापर्यंत पोचत नाही. दोन टोकांना लाल रंगानं खूण करायची आणि किती वड्या ठेवल्या ते कॅलेंडरवर लिहायचं, म्हणजे एखादी गायब झाली तर कळतं. काम झालं की उरलेल्या काढून खोल पुरायच्या. पाण्याच्या वाटेत, उकिरड्यात, गटारात नाही.

शेतात झिंक फॉस्फाइड वापरायचं असेल तर घाई करणाऱ्याचे पैसे फुकट जातात. पहिल्या दिवशी सगळी बिळं मातीनं बुजवायची. दुसऱ्या दिवशी उघडी दिसतील ती जिती बिळं, तेवढीच धरायची. तिथं आधी साधं, बिनविषारी तेलातलं धान्य एका बिळाला २० ग्रॅम घालायचं. दोन दिवसांनी विषाचं आमिष १० ग्रॅम कागदाच्या पुडीत गुंडाळून आत खोल सारायचं आणि बीळ बंद करायचं. साधं धान्य न घालता थेट विष घातलं तर थोडं खाऊन आजारी पडलेला उंदीर त्या चवीला परत तोंड लावत नाही, मग शेतकरी तुमच्याकडे "औषधात दम नाही" म्हणत येतो आणि मात्रा वाढवतो. दुसऱ्या दिवशी फिरून मेलेले उंदीर गोळा करून पुरायचे, कारण त्यांच्या पोटात न पचलेली पावडर असते. बांधावर आमिष पसरून टाकणं म्हणजे राखणीचं कुत्रं, मुंगूस आणि घुबड मारणं. उंदीर मारण्यात त्यांचाही वाटा आहे, हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको.

कायद्यानं कीटकनाशक लेबलबंद वेष्टनातच विकायचं असतं, आणि लेबलावर हिंदी-इंग्रजीसोबत त्या भागात चालणारी भाषा असावी लागते. घाऊक पिशवीतली करडी पावडर कागदाच्या पुड्यांत बांधून बाजारात मांडणं यात बसत नाही. झिंक फॉस्फाइडच्या वेष्टनावर लाल त्रिकोण आणि कवटी असते. पुडी बांधली की तीच आधी नाहीशी होते. घरात लहान मूल असतं तेव्हा याचा अर्थ काय होतो, हे तुम्हीही जाणता.

गल्ल्याजवळ एक कागद लावायला हरकत नसेल तर मजकूर असा ठेवा, मराठीत आणि कन्नडमध्ये:

"वेष्टन फेकू नका, फोटो काढून ठेवा. कुत्र्यानं खाल्ल्याची शंका आली तर काही पाजू नका, वेष्टन घेऊन पशुवैद्यकाकडे जा. वडी ठेवलेल्या घरात पुढचे दहा दिवस कुत्र्याचा श्वास रोज मोजा: निजलेलं असताना छाती वर-खाली होते ते एक, अर्धा मिनिट मोजा आणि दुप्पट करा. ३० च्या आत असेल तर ठीक. ४० च्या वर असेल, किंवा हिरड्या पांढऱ्या अगर निळसर दिसत असतील, तर त्याच क्षणी निघा."

निघताना कसं न्यायचं, हेही दोन वाक्यांत सांगता आलं तर बघा. जांबोटी-कणकुंबीकडून बेळगावात पोचायला तासाहून जास्त लागतो आणि तेवढ्यात चुकीचं उचलल्यानंही कुत्रं जाऊ शकतं. गळपट्टा काढायचा, तोंड बांधायचं नाही, छातीला मिठी मारून मोटरसायकलवर घ्यायचं नाही. उघड्या खोक्यात किंवा टोपलीत त्याला पोटावर, मान सरळ ठेवून बसू द्यायचं, वारं लागू द्यायचं, पाणी पाजायचं नाही. कुशीवर किंवा उताणं पाडलं तर रक्तानं दबलेल्या फुप्फुसाला उरलीसुरली जागाही राहत नाही. दवाखान्यातही एक्स-रेसाठी उताणं करायची घाई होत असेल तर "आधी ऑक्सिजन लावता का?" असं विचारायचा मालकाला हक्क आहे.

बिलाच्या ओळीत शेवटी तारीख घाला. ब्रोमाडिओलोनमध्ये सगळा हिशेब दिवसांवर चालतो, आणि "कधी आणलं होतं?" याला "मागच्या बाजाराला बहुतेक" असं उत्तर मिळालं तर पीटी कुठल्या दिवशी करायची तेच ठरत नाही.

आपले,
बेळगाव भागातले काही पशुवैद्यक आणि श्वानपालक